शोध कुणी घ्यायचा? कॅनडातल्या बेपत्ता मूलनिवासी स्त्रिया आणि त्यांची कुटुंबं

आजचा विषय कॅनडातला आहे आणि ऐकायला जड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तिथल्या मूलनिवासी समाजातल्या कितीतरी स्त्रिया आणि मुली बेपत्ता झाल्या, मारल्या गेल्या. त्याबद्दल थोडंफार आपल्या कानावर आलेलं असतं. आज मात्र आपण मागे राहिलेल्या माणसांकडे बघणार आहोत. आई, बहीण, आजी, लहान मुलं. या माणसांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी शब्दांचं बघू. कॅनडात मूलनिवासी म्हटलं की तीन समाज येतात: फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी. त्यातही फर्स्ट नेशन्स हा एक समाज नव्हे. क्री, अनिशिनाबे, हैडा असे कितीतरी वेगवेगळे लोक त्यात आहेत. भाषा वेगळ्या, रीतीभाती वेगळ्या. त्यामुळे पुढे आपण 'मूलनिवासी' म्हणू तेव्हा हा फरक मनात असू द्या.

आता आकडे. आरसीएमपी म्हणजे कॅनडाचे संघराज्य पोलीस. त्यांनी २०१४ साली एक अहवाल काढला. १९८० ते २०१२ या काळात पोलिसांच्या नोंदीत मूलनिवासी स्त्रिया आणि मुलींची १,१८१ प्रकरणं सापडली: १,०१७ खून आणि १६४ बेपत्ता. देशातल्या एकूण स्त्रियांमध्ये मूलनिवासी स्त्रियांचं प्रमाण ४.३ टक्के, आणि खून झालेल्या स्त्रियांमध्ये १६ टक्के. म्हणजे जवळजवळ चौपट.

पण आमचं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. पोलिसांनी मोजायच्या आधी हे कुणी मोजलं होतं? कॅनडातल्या मूलनिवासी स्त्रियांच्या संघटनेनं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्यांनी घरोघरी बोलून, वर्तमानपत्रं आणि कोर्टाचे कागद चाळून ५८२ प्रकरणांची यादी केली. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांनीच ती मोजलीही. आजचं सगळं व्याख्यान म्हटलं तर या एका वाक्यावर उभं आहे. मोजायचं, शोधायचं, विचारत राहायचं हे काम व्यवस्थेचं असतं. तिथे ते वर्षानुवर्षं कुटुंबांच्या अंगावर पडलं. म्हणून आधार म्हणजे काय, तर ते काम त्यांच्या खांद्यावरून उचलणं. सांत्वन करावंच, पण ते त्यानंतर.

पहिले काही तास

एखादी मुलगी रात्री घरी आली नाही, तर घरची माणसं काय करतात? मैत्रिणींना फोन, नातेवाइकांना फोन, मग पोलीस. इथे एक गैरसमज फार पक्का आहे. चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. कॅनडात असा कुठलाही नियम नाही. माणूस बेपत्ता आहे असं वाटलं त्या क्षणी तक्रार देता येते. ही माहिती लोकांपर्यंत पोचवणं हासुद्धा आधारच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मग तक्रार द्यायला लोक कचरतात का? त्याला इतिहास आहे. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत टाकायची पद्धत तिथे शंभर वर्षांहून जास्त चालली. शेवटची शाळा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाली. मुलांना घरातून नेताना पोलिसांचा हात होता. आज ज्या आजीनं ठाण्यात जायचं, तिच्या लहानपणी पोलीस दारात आले ते मुलं न्यायला. तिच्या पायात आलेलं ओझं आपण समजून घ्यायला हवं.

आणि तक्रार दिली तरी काय होतं? व्हँकुव्हर शहरातला डाउनटाउन ईस्टसाइड हा गरीब वस्तीचा भाग. तिथून नव्वदच्या दशकात एकामागून एक स्त्रिया नाहीशा होत होत्या, त्यात मूलनिवासी स्त्रिया पुष्कळ. नातेवाईक आणि वस्तीतली माणसं सांगत होती की काहीतरी भयंकर चाललंय. एका डुक्करपालन करणाऱ्याला २००२ साली अटक झाली. पुढे सहा खुनांसाठी तो दोषी ठरला, आणि आणखी वीस खुनांचे आरोप कोर्टासमोर चाललेच नाहीत. या सगळ्याची चौकशी करणाऱ्या वॉली ओपल आयोगाचा अहवाल २०१२ साली आला. पोलिसांचा तपास सपशेल फसला आणि कुटुंबांशी वागणूकही चांगली नव्हती, असं त्यात स्पष्ट नोंदलं आहे. ती बाई कोण होती, कुठे राहायची, काय करायची, यावरून तिच्या शोधाची किंमत ठरली होती.

ना सुतक, ना आशा

आता घरातलं दुःख. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी या दुःखाला 'अनिश्चित वियोग' अशा अर्थाचं नाव दिलं. माणूस गेलंय म्हणावं तर देह नाही. आहे म्हणावं तर दारात येत नाही. अशा वेळी मन पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

आपल्याला हे परकं नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पुतळा करून अंत्यसंस्कार करायचे, अशी जुनी रीत आपल्याकडे होती. कायद्यातही सात वर्षांची मुदत आहे. त्या मधल्या वर्षांत घरातल्या बाईनं कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न किती घरांनी सोसलाय. अनिशिनाबे लोकांमध्ये माणूस गेल्यावर चार दिवस पवित्र अग्नी तेवत ठेवायची प्रथा आहे. त्या चार दिवसांत जीव पुढच्या प्रवासाला जातो, अशी श्रद्धा. आता सांगा, देहच मिळाला नाही तर हा अग्नी कोणत्या दिवशी पेटवायचा?

म्हणून अशा घरी जाऊन 'आता सावरा, पुढे बघा' म्हणणं चुकीचं ठरतं. पुढे बघायला मागचं काहीतरी एक ठरावं लागतं. ते ठरवण्यासाठी लागते माहिती, आणि तिच्यासाठी लागतो शोध.

कुटुंबांनी काय काय केलं

व्हँकुव्हरमध्ये १९९२ साली एका मूलनिवासी स्त्रीचा खून झाला. त्यानंतर १४ फेब्रुवारीला वस्तीतल्या बायकांनी स्मरणयात्रा काढली. ज्या ज्या ठिकाणी स्त्रिया मारल्या गेल्या किंवा शेवटच्या दिसल्या, तिथे थांबायचं, त्यांची नावं घ्यायची. ही यात्रा दरवर्षी निघू लागली आणि इतर शहरांतही पोचली.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेला महामार्ग क्रमांक १६ आहे. प्रिन्स रूपर्ट ते प्रिन्स जॉर्ज, सुमारे ७२० किलोमीटर. लोक त्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. विरळ वस्ती, सार्वजनिक वाहन जवळपास नव्हतंच, त्यामुळे दवाखान्यात किंवा कामाला जायचं तर येणाऱ्या गाडीला हात दाखवायचा. अशाच कित्येक मुली या रस्त्यावरून परत आल्या नाहीत. २००६ साली कुटुंबं हा रस्ता पायी चालली, प्रिन्स जॉर्जला परिषद भरली आणि ३३ शिफारशी निघाल्या. त्यात एक साधी मागणी होती: बस सुरू करा. गावागावांना जोडणारी ती सरकारी बस सुरू झाली २०१७ साली. अकरा वर्षं लागली एका बसला!

मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये रेड नदीत एका पंधरा वर्षांच्या मुलीचा मृतदेह मिळाला. ती सरकारी बालसंरक्षण खात्याच्या ताब्यात होती. त्यानंतर लोकांनी स्वतःच्या होड्या काढल्या, दोरांना आकडे बांधले आणि नदीचा तळ धुंडाळायला सुरुवात केली. यात बेपत्ता माणसांचे नातेवाईकही होते. आकड्याला काय लागेल या विचारानं त्यांचे हात कसे चालत असतील, हे आपण आपापल्या मनाशी ताडून बघावं.

या सगळ्या रेट्यामुळे २०१६ साली राष्ट्रीय चौकशी आयोग नेमला गेला. मॅरियन बुलर या त्याच्या मुख्य आयुक्त. ३ जून २०१९ ला अंतिम अहवाल आला. त्यात २३१ मागण्या आहेत, आणि त्यांना 'शिफारशी' न म्हणता 'न्यायाच्या हाका' म्हटलंय. आयोगासमोर १,४००हून जास्त कुटुंबीय आणि वाचलेल्या स्त्रिया बोलल्या.

कचरा डेपोची गोष्ट

आता एक प्रकरण जरा सविस्तर बघू, कारण आधार म्हणजे काय आणि नाकारणं म्हणजे काय, दोन्ही त्यात दिसतं.

विनिपेगमध्ये २०२२ साली एकाच माणसानं चार मूलनिवासी स्त्रियांचा खून केला. एकीच्या देहाचे अवशेष शहराच्या ब्रेडी कचरा डेपोत मिळाले. आणखी दोघींचे देह शहराबाहेरच्या प्रेअरी ग्रीन डेपोत असावेत, असं पोलिसांचंच म्हणणं होतं. त्या दोघींचं वय ३९ आणि २६. चौथी कोण, हे कळत नव्हतं.

डिसेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी सांगितलं की डेपोत शोध घेणं व्यवहार्य नाही. म्हणजे आई तिथे आहे हे माहीत आहे, जागा माहीत आहे, आणि काढायचं मात्र नाही! मुलींनी आणि नातेवाइकांनी छावण्या टाकल्या. मॅनिटोबाच्या कडाक्याच्या थंडीत लोक तिथे बसले. कुटुंबांनी तज्ज्ञांची समिती मागितली, संघराज्य सरकारनं पैसे दिले, आणि मे २०२३ मध्ये अहवाल आला: शोध शक्य आहे. खर्च ८.४ कोटी ते १८.४ कोटी डॉलर, वेळ कदाचित तीन वर्षं, आणि ॲस्बेस्टॉससारख्या विषारी पदार्थांचा धोका सांभाळावा लागेल.

जुलैमध्ये तेव्हाच्या प्रांतिक सरकारनं नकार दिला. कारण दिलं कामगारांच्या सुरक्षिततेचं. पुढे निवडणुकीत सत्ताधारी पक्षानं या नकाराची जाहिरातसुद्धा केली. ज्यांच्या घरी दुःख, त्यांनी रस्त्यावर आपल्या आईच्या शोधाविरुद्धचे फलक वाचायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकार बदललं आणि वॅब किन्यू प्रांताचे प्रमुख झाले; कॅनडाच्या एखाद्या प्रांताला फर्स्ट नेशन्समधला प्रमुख पहिल्यांदाच लाभला. मार्च २०२४ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून ४ कोटी डॉलर दिले. डिसेंबरमध्ये शोध सुरू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मानवी अवशेष मिळाले आणि मार्चमध्ये ओळख पटली: त्या दोघीच होत्या.

व्यवहार्य नाही म्हणून जे सांगितलं होतं, ते सुरू केल्यावर काही महिन्यांत झालं.

आणि चौथी? तिची ओळख पटत नव्हती तेव्हा समाजातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी तिला नाव दिलं, 'मश्कोडे बिझिकी इक्वे', म्हणजे बफेलो स्त्री. तिचा उल्लेख 'अनोळखी मृतदेह' असा होऊ नये, हा त्यामागचा विचार. खटल्यात आणि बातम्यांत हेच नाव वापरलं गेलं. मार्च २०२५ मध्ये तिचीही ओळख पटली. नाव देण्याला पैसा लागला नाही, कायदा लागला नाही. पण आमच्या मते त्या तीन वर्षांतला हा सगळ्यात मोठा आधार होता.

माहिती कोण देणार?

शोधाइतकाच महत्त्वाचा भाग माहितीचा. समजा तपास पंधरा वर्षांपूर्वी थंडावला. बहिणीला जाणून घ्यायचंय: शवविच्छेदनात काय निघालं? तिच्या वस्तू कुठे आहेत? फाइल चालू आहे की बंद? यासाठी पोलीस, मृत्यू तपासणारं कार्यालय, सरकारी वकील, बालकल्याण खातं, अशा चार दारांत जावं लागतं आणि प्रत्येक दारात पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. प्रत्येक वेळी जखम नव्यानं उघडते.

यावर २०१६ पासून कॅनडात प्रत्येक प्रांतात कुटुंब माहिती संपर्क कक्ष सुरू झाले. पद्धत साधी आहे. कुटुंबानं आपले प्रश्न एकदाच सांगायचे. कक्षातली माणसं सगळ्या खात्यांकडून उत्तरं गोळा करतात. मग कुटुंबाला हवं त्या ठिकाणी, सोबत हवी ती माणसं घेऊन, समोरासमोर बसून ती सांगतात. वडीलधारी व्यक्ती, समुपदेशक, प्रार्थना, जे हवं ते. हा कक्ष नव्यानं तपास करत नाही, आणि चालू तपासाला बाधा येईल अशी माहिती त्यालाही मिळत नाही. तरीसुद्धा चार दारांचं एक दार झालं, हे थोडं नाही.

क्यूबेक प्रांतात आणखी पुढचं पाऊल पडलं. तिथे पूर्वी दूरच्या वस्त्यांतली आजारी मूलनिवासी मुलं विमानानं रुग्णालयात नेली जात, आणि काही परत आलीच नाहीत. आईबापांना मृत्यूचा दाखला नाही, कबर कुठे ते माहीत नाही. सप्टेंबर २०२१ पासून तिथे खास कायदा लागू आहे. अशा मुलांची माहिती कुटुंबांना मिळावी आणि ती शोधायला मदत व्हावी, यासाठी. पन्नास वर्षांनीही आई विचारते, म्हणून कायदा करावा लागला.

पैशांचं बोलू

आपण दुःखाबद्दल बोलताना पैशांचं बोलायला संकोचतो. पण शोधाला निघायचं तर काम सुटतं, पेट्रोल लागतं, दुसऱ्या शहरात राहावं लागतं. गेलेल्या बाईची मुलं आजीकडे येतात. कॅनडात गुन्ह्यामुळे मूल गमावलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या पालकांसाठी एक भत्ता आहे: दर आठवड्याला ठराविक रक्कम, जास्तीत जास्त ३५ आठवडे. चांगली गोष्ट आहे. पण अटी बघा. मूल २५ वर्षांच्या आतलं हवं, आणि पालकाची आधीच्या वर्षाची कमाई किमान ६,५०० डॉलर हवी. विनिपेगच्या त्या दोघी ३९ आणि २६ वर्षांच्या. म्हणजे त्यांचे आईबाप या अटीत बसतच नाहीत. आणि नातवंडं सांभाळणाऱ्या, पगार नसलेल्या आजीला तर कमाईची अटच आडवी येते. योजना चांगल्या मनानं केलेली असली तरी प्रत्यक्ष कुटुंब कसं असतं ते न बघता केली, की अशी फट राहते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका श्रोत्यानं विचारलं, की दोन मृतदेहांसाठी एवढे कोटी खर्च करणं योग्य का? प्रश्न प्रामाणिक आहे. आम्ही उलट एवढंच विचारू: विमान समुद्रात पडलं, तर आपण महिनोन्महिने शोधतो की नाही? तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. शिवाय शोध नाकारला असता तर देह कचऱ्यात टाकला की सुटलो, असा निरोप प्रत्येक खुन्याला गेला असता.

दुसरा प्रश्न: पुरुषांचं काय? योग्य विचारलंत. कॅनडात खून होणाऱ्या मूलनिवासी माणसांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे. त्यांच्याही आया वाट बघतात. माहिती कक्ष असो की समुपदेशन, त्यांची दारं त्या घरांनाही उघडी असायला हवीत, असंच आमचं मत आहे.

आपण काय करू शकतो

कॅनडात आज मराठी माणसंही आहेत. काही हे व्याख्यान तिथूनच ऐकत असतील. त्यांच्यासाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी चार गोष्टी.

अशा घरी जाल तेव्हा 'काही लागलं तर सांगा' म्हणून परत येऊ नका. जेवण घेऊन जा, मुलांना शाळेत सोडा, ठाण्यात सोबत जा, तिथे काय बोलणं झालं ते तारखेनिशी लिहून ठेवा.

फोटो किंवा बातमी पुढे पाठवण्याआधी घरच्यांना विचारा. शोधात फोटोचा उपयोग होतो, पण कोणता फोटो आणि कोणते शब्द, हे त्यांनी ठरवावं. व्यसन, गरिबी, राहणीमान याबद्दल लिहून तिच्या मरणाचं कारण तिच्याच माथी मारू नका.

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. वाढदिवस आणि बेपत्ता झाल्याची तारीख लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात घर भरलेलं असतं. तिसऱ्या वर्षी कुणी नसतं. त्या तिसऱ्या वर्षी फोन करा.

आणि चौथी, अधिकारावर असलेल्यांसाठी. ठरलेल्या दिवशी कुटुंबाला फोन करा, 'नवीन काही नाही' एवढंच सांगायचं असलं तरी. न आलेल्या फोनचा अर्थ घरची माणसं रात्रभर लावत बसतात.

५ मे हा तिथे लाल पोशाखाचा दिवस म्हणून पाळतात. जेमी ब्लॅक या मेटी कलाकाराच्या कलाकृतीतून तो आला: झाडांना टांगलेले रिकामे लाल झगे. हल्ली पुष्कळ कार्यालयांत त्या दिवशी लाल कपडे घालतात. जरूर घाला. पण २३१ हाकांपैकी फार थोड्यांना पूर्ण उत्तर मिळालंय, हे त्या दिवशी आपल्या लोकप्रतिनिधीला विचारलंही पाहिजे.

विनिपेगच्या त्या चौथ्या स्त्रीचे अवशेष ब्रेडी डेपोत असावेत, असं आता मानलं जातं, आणि तिथेही शोध घ्यायचं सरकारनं जाहीर केलंय. या वेळी तिच्या आईबापांना छावणी टाकावी लागली नाही. आधीच्या कुटुंबांनी थंडीत बसून मिळवलं ते हेच. पुढच्या घराला त्याचीही गरज पडू नये, यासाठी जे जे करता येईल ते करू या.